मद्यशाळेतली सभा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा ‘जर्मनीतील बियर-हॉलमधली एक रात्र’ असे आम्ही सांगून मोकळे झालो. पत्रिका छापून गावात वाटली गेली आणि दुसऱ्याच दिवशी दोन ज्येष्ठ स्नेही घरी आले. “सारा जन्म कामगार-वस्तीत दारूविरुद्ध बोलण्यात घालवलात आणि आता व्यासपीठावरून बियरची कहाणी सांगणार?” असा त्यांचा सवाल होता. त्यांची काळजी रास्त आहे. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेत पाकीट कसे रिकामे होते हे आम्ही पाहिले आहे, आणि ते होऊ नये म्हणून पोराला कडेवर घेऊन फाटकापाशी उभ्या राहिलेल्या बायाही पाहिल्या आहेत. दारूची तरफदारी करावयास आम्ही येथे आलेलो नाही, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

आमच्या मनातला प्रश्न निराळा आहे. कामगाराने चारचौघांत बसून बोलावयाचे असेल तर त्याने बसावे कोठे? ती जागा कोणाची? भाडे कोण देणार, आणि किल्ली कोणाच्या खिशात राहणार? युनियनचे काम करणाऱ्याला तत्त्वज्ञानाआधी हा प्रश्न सोडवावा लागतो. जर्मन कामगारांनी तो एकेकाळी बियर-हॉलमध्ये बसून सोडवला, आणि त्याची किंमतही मोजली. तो इतिहास आज सांगावयाचा आहे. आम्ही पंडित नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा जर्मन नावांच्या उच्चारांत चूक झाली तर श्रोत्यांनी ती पोटात घालावी.

काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका बैठकीच्या निमित्ताने आम्हांला म्यूनिकला जावयाची संधी मिळाली. बैठक संपल्यावर तेथील एक निवृत्त लेथ-कामगार आम्हांला संध्याकाळी जेवावयास घेऊन गेले. सोबत दुभाष्या मुलगा होता. या वृद्ध गृहस्थांना आम्ही मनातल्या मनात ‘काका’ म्हणू लागलो होतो, म्हणून येथेही तसेच म्हणू.

शहराच्या मध्यभागी प्लाट्झल नावाचा एक छोटा चौक आहे. तेथे ‘होफब्रॉयहाउस’ उभे आहे. नावाचा अर्थ ‘दरबारी बियर-भट्टी’. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा विल्हेल्म याने १५८९ साली दरबाराच्या गरजेसाठी ही भट्टी काढली. १८२८ साली ती सर्वसामान्य गिऱ्हाइकांना खुली झाली, आणि आज दिसते ती इमारत १८९७ च्या सुमाराची आहे. आत पाऊल टाकले आणि प्रथम अंगावर आला तो आवाज. कमानदार छत, त्यावर रंगवलेली वेलबुट्टी, खाली लांबच लांब लाकडी मेजे आणि बाके, आणि हजारभर माणसे एकाच वेळी बोलत आहेत असा तो गलबला. मध्ये एका चौथऱ्यावर पितळी वाद्यांचा ताफा बसला होता. वाजवणारे थांबले की पेले एकमेकांवर आपटल्याचा खणखणाट ऐकू येई, आणि वाजवू लागले की आसपासची मेजे ताल धरीत.

आपल्याकडे हॉटेलात रिकामे टेबल पाहून बसावयाची रीत आहे. तेथे रिकामी जागा पाहतात. एका बाकावर आठ माणसे बसली असतील आणि नववी मावत असेल, तर “येथे कोणी आहे का?” एवढे विचारावयाचे आणि बसावयाचे. आमच्या एका बाजूला एक शेतकरी जोडपे होते, दुसऱ्या बाजूला विद्यापीठातली पोरे. अर्ध्या तासात कोणाचे गाव कोणते हे सर्वांना ठाऊक झाले. भिंतीशी लोखंडी जाळीचे कप्पे होते. त्यांत रोजच्या गिऱ्हाइकांचे पेले कुलूप लावून ठेवलेले असतात. किल्ली ज्याची त्याच्याकडे. कित्येक वर्षे ठरावीक दिवशी ठरावीक मेजावर बसणारी मंडळी तेथे आहेत.

काकांनी बियर मागवली. आम्ही घेत नाही हे कळल्यावर ते हसले नाहीत, की आग्रहही केला नाही. आमच्यापुढे सफरचंदाच्या रसात सोडा घातलेला पेला आला. मिठाचे खडे लावलेला वेटोळ्या पाव, मुळ्याच्या पातळ चकत्या आणि आंबवलेली कोबी एवढ्यावर आमचे पोट भरले. पण आमचे लक्ष वारंवार वाढणाऱ्या बाईंकडे जात होते. तेथला पेला एक लिटरचा, जाड काचेचा. भरला की दोन किलोंहून जड होतो. असे आठ-दहा पेले दोन्ही हातांत छातीशी धरून त्या बाई गर्दीतून वाट काढीत येत, मेजावर ठेवीत, आणि कपाळावरचे केस मनगटानेच मागे सारून परत फिरत. गाणे-बजावणे सर्वांसाठी होते. त्यांच्यासाठी ती पाळी होती. काकांच्या ध्यानात आमची नजर आली. ते म्हणाले, “युनियनवाला कोठेही गेला तरी आधी मनगटे पाहतो.”

जेवण उरकल्यावर त्यांनी आम्हांला वरच्या मजल्यावर नेले. तेथे समारंभाचा मोठा दिवाणखाना आहे, उंच अर्धगोल छताचा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावाने इमारतीची मोठी हानी झाली होती. हा दिवाणखाना दुरुस्त होऊन १९५८ साली पुन्हा उघडला. त्या रात्री तो रिकामा होता. एक माणूस खुर्च्या रचीत होता. खालचे संगीत फरशीतून पायांना जाणवत होते. काका म्हणाले, “१३ एप्रिल १९१९ रोजी या इमारतीत कारखान्यांचे आणि पलटणींचे प्रतिनिधी जमले आणि सत्ता कामगारांच्या हाती आली असे त्यांनी जाहीर केले. त्यानंतर वर्षही झाले नव्हते. २४ फेब्रुवारी १९२० ला याच दिवाणखान्यात दोन हजार माणसांपुढे हिटलरने आपल्या पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम वाचला.” एवढे बोलून ते गप्प राहिले. घर तेच, बाकेही तीच. दहा महिन्यांच्या अंतराने दोन परस्परविरोधी शपथा त्या घराने ऐकल्या. हे कसे झाले याचा शोध घेण्यासाठी आम्ही परत आल्यावर वाचावयास बसलो.

आरंभ बियरपासूनच करावा लागेल. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे बव्हेरियाच्या ड्यूकांनी एक हुकूम काढला. बियरमध्ये बार्ली, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि पाणी याखेरीज काही घालू नये, हे त्यातले वाक्य जगप्रसिद्ध आहे. पण तो हुकूम सुरू होतो दरापासून. हिवाळ्यात एका मापाला एक फेनिग आणि उन्हाळ्यात दोन फेनिग याहून अधिक दर घेऊ नये, असे त्यात बजावले आहे. म्हणजे बियर तेथे भाकरीच्या रांगेत बसलेली वस्तू होती, आणि तिचा दर हा राज्यकर्त्याच्या जबाबदारीचा विषय होता. १८४४ च्या मे महिन्यात म्यूनिकमध्ये दर वाढला तेव्हा लोकांनी भट्ट्यांवर चाल केली, खिडक्या-दारे फोडली; सैनिकांनाही लोकांवर हात टाकावासा वाटेना; आणि शेवटी राजाला दर उतरवावा लागला. त्या दंग्याची बातमी इंग्लंडमधील कामगारांच्या ‘नॉर्दर्न स्टार’ या पत्रात तरुण फ्रीडरिख एंगेल्सने लिहिली.

आता एवढे प्रचंड हॉल का बांधले गेले तेही पाहू. सोळाव्या शतकापासून बव्हेरियात उन्हाळ्यात बियर गाळावयास बंदी होती, कारण उष्णतेने ती नासे. वसंतात गाळलेली बियर सप्टेंबरपर्यंत थंड राहावी म्हणून शहराबाहेरच्या चढावर खोल तळघरे खणीत. वर सावलीसाठी रुंद पानांची चेस्टनटची झाडे लावीत. झाडांखाली बाके आली, बाकांवर लोक आले, आणि लोकांसाठी मालकांनी सभागृहे बांधली. पुढे शीतयंत्रे आली, भट्ट्यांचे मोठे कारखाने झाले, आणि एका-एका कारखान्याच्या मालकीचे हजार-दोन हजार माणसे मावतील असे हॉल उभे राहिले. मालकाचा हिशेब सरळ होता. हॉलचे भाडे फारसे नको. माणसे भरपूर यावीत आणि प्रत्येकाने दोन पेले घ्यावेत, म्हणजे झाले.

हा हिशेब कामगारांच्या पथ्यावर पडला. जर्मनीत वर्षातले कित्येक महिने मैदानात उभे राहण्याची सोय नाही. कामगाराच्या घरी एक खोली. तिच्यात पाच-सहा माणसे आणि वर एखादा भाडेकरू रात्रीपुरता निजावयास. शाळेची, नगरभवनाची दारे त्याला बंद. उरली ती खानावळ आणि बियरचा हॉल. जर्मन कामगार चळवळीच्या जन्मतारखा पाहा. २३ मे १८६३ रोजी फर्डिनांड लासालच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल जर्मन कामगार-संघ स्थापन झाला तो लाइप्झिगमधील ‘पँथिऑन’ या उपाहारगृहाच्या दिवाणखान्यात. १८६९ साली आउगुस्ट बेबेल आणि विल्हेल्म लीबक्नेख्ट यांनी आयझेनाख येथे आपला पक्ष काढला तो ‘सोनेरी सिंह’ या नावाच्या खानावळीत परिषद भरवून. हा बेबेल धंद्याने लाकूड-कातारी होता. आणि १८७५ साली हे दोन्ही प्रवाह गोथा येथे एक झाले ते ‘टिव्होली’ नावाच्या अशाच एका घरात.

१८७८ साली बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्ध कायदा केला. संघ बंद, सभा बंद, वृत्तपत्रे बंद. निवडणूक लढवण्याची मोकळीक मात्र राहिली. मग गावोगाव गायनमंडळे निघाली, धूम्रपान-मंडळे निघाली, व्यायामाची आणि चेंडू-खुंट्यांच्या खेळाची मंडळे निघाली. खानावळीच्या मागच्या खोलीत ही मंडळी जमत आणि मधूनमधून खरोखरच गात. एका मेजावर वर्गणी गोळा होई, दुसऱ्या मेजाखालून स्वित्झर्लंडहून चोरून आलेले पत्र हातोहात जाई. कायदा आला त्या १८७८ सालच्या निवडणुकीत या पक्षाला सुमारे ४ लाख ३७ हजार मते होती. कायदा संपला त्या १८९० सालच्या निवडणुकीत ती १४ लाखांवर गेली. बारा वर्षे बंदी सोसलेल्या पक्षाला देशात सर्वांत अधिक मते मिळाली. त्यांतली बरीचशी खानावळीच्या मागच्या खोल्यांनी जपून ठेवलेली होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

खानावळ चालवणारेही पुष्कळदा आपल्यांतलेच असत. संपात पुढे झालेल्या कामगाराचे नाव मालकांच्या यादीत चढे, मग त्याला कोठेच काम मिळत नसे. मित्र चार पैसे जमवून त्याला छोटीशी खानावळ काढून देत. फ्रीडरिख एबर्ट हा खोगिरे शिवणारा कारागीर असाच १८९४ पासून ब्रेमेन शहरात खानावळ चालवीत होता. अपघाताची भरपाई, घरमालकाची नोटीस, आजारपणाचा विमा, असले सारे कागद घेऊन कामगार त्याच्याकडे येत. हाच एबर्ट १९१९ साली जर्मन प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष झाला.

सरकारही झोपलेले नव्हते. हॅम्बुर्गच्या राजकीय पोलिसांनी १८९२ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत साध्या वेषातली माणसे कामगारांच्या खानावळींत बसवली आणि तेथे जे कानी पडे ते रोज लिहवून घेतले. असे हजारो अहवाल आजही त्या शहराच्या दप्तरखान्यात आहेत. घरभाडे, मांसाचा दर, मुकादमाची अरेरावी, युद्ध होणार की नाही, बायकोने संपाला काय म्हटले, हे सारे त्यात आहे. कामगारांच्या बोलण्याचा इतका जिवंत दस्तऐवज त्यांच्या शत्रूंनी जपून ठेवावा, हा इतिहासाचा एक चमत्कारच म्हणावयाचा.

कार्ल काउट्स्की या पंडिताने १८९० च्या सुमारास याच विषयावर लिहिले. काही मंडळी म्हणत होती की, पक्षाने दारूबंदीचा पुरस्कार करावा. काउट्स्कीचे म्हणणे असे की, जर्मन कामगाराला मोकळेपणाने एकत्र जमण्यासारखी ही एकच जागा आहे. ती काढून घेतलीत तर त्याचे सार्वजनिक जीवनच संपेल. हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. दारूविरुद्ध बोलताना आम्ही पिणाऱ्याला रागावत आलो. पण तो तेथून उठला तर त्याने जाऊन बसावे कोठे, हे आम्ही त्याला कधी सांगितले नव्हते.

अर्थात दुसरी बाजूही तेथल्याच कामगारांनी मांडली. १९०३ साली दारू न पिणाऱ्या कामगारांचा स्वतंत्र संघ निघाला. १९०९ साली लाइप्झिगच्या अधिवेशनात पक्षाने कडक दारूवर, म्हणजे बटाट्याच्या आणि धान्याच्या दारूवर, बहिष्कार पुकारला. तिच्यावर नवा कर बसला होता, आणि पूर्वेकडच्या बड्या जमीनदारांच्या भट्ट्या तिच्यावरच चालत. कामगाराचे यकृत आणि जमीनदाराची तिजोरी यांचा संबंध त्यांनी नेमका ओळखला होता.

पण खरी अडचण होती ती किल्लीची. हॉल मालकाचा. लष्करी अधिकारी फर्मान काढीत की, ज्या खानावळीत समाजवाद्यांची सभा होईल तेथे शिपायांनी पाऊल टाकू नये. छावणीच्या गावात शिपायांचे गिऱ्हाईक गेले की मालक हवालदिल होई आणि कामगारांना म्हणे, “माफ करा, हॉल मिळणार नाही.” कामगार मग त्याच्या बियरवर बहिष्कार घालीत. १८९४ साली बर्लिनमध्ये पिंपे बनवणाऱ्या कामगारांनी मे-दिन पाळला म्हणून त्यांना कामावरून काढण्यात आले. भट्टीमालकांनी एकजूट करून आणखी कामगारांना घरी बसवले. बर्लिनच्या कामगारांनी उलट त्या मालकांची बियर पिणे सोडले. मे महिन्यात सुरू झालेला हा बहिष्कार डिसेंबरपर्यंत चालला. उन्हाळाभर बियरशिवाय राहिलेला बर्लिनचा कामगार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे संघटना कशाला म्हणतात ते कळेल.

यातूनच ‘आपले स्वतःचे घर हवे’ ही कल्पना आली. १९०० साली बर्लिनला कामगारांनी आपले संघटना-गृह उघडले. १९०६ साली हॅम्बुर्गला उघडले. त्या समारंभाला वृद्ध बेबेल हजर होता. अशा घरांत कचेऱ्या होत्या, वाचनालये होती, परगावच्या कामगारांना निजावयास खाटा होत्या, सभागृह होते आणि खानावळही होती. सारे वर्गणीच्या पैशांतून उभारलेले.

आता क्षणभर आपल्याकडे वळू. बर्लिनमध्ये बंदीचा कायदा मावळत होता त्याच १८९० साली, २४ एप्रिलला, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर गिरणी कामगारांची सभा भरवली. सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. आणि जून महिन्यात रविवारची सुट्टी पदरात पडली. आपल्याला आकाश फुकट मिळाले म्हणून आपली चळवळ मैदानात वाढली. छपराचे काम गिरणगावात खानावळींनी केले. बायांनी चालवलेल्या त्या खानावळींत गावाकडून एकटे आलेले कामगार जेवत, आणि संपाच्या दिवसांत ताटाची उधारी तेथेच लिहिली जाई. जर्मन कामगार-चळवळ जवळून पाहिलेला एक मराठी माणूसही आपल्यात होता. पनवेलला जन्मलेले डॉ. गंगाधर अधिकारी रसायनशास्त्र शिकावयास बर्लिनला गेले, तेथल्या कम्युनिस्ट पक्षात सामील झाले, १९२८ साली परत येऊन मुंबईच्या कामगारांत शिरले आणि १९२९ साली मीरत खटल्यात तुरुंगात गेले.

आमच्या स्वतःच्या अनुभवाचेही एक सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांची युनियन बांधताना आम्हांला बसावयास जागा नव्हती. एका चहावाल्याने मागची शेड दिली. आठ-नऊ बैठका झाल्या. एके दिवशी तो हात जोडून म्हणाला, “साहेब, कारखान्याचा रोजचा दोनशे कप चहा माझ्याकडून जातो. तो बंद करीन म्हणतात. माझ्या पोरांकडे पाहा.” आम्ही त्याला बोल लावला नाही. पुढच्या चार महिन्यांत आमची सभा कधी स्मशानाच्या कट्ट्यावर, कधी बसथांब्यावर झाली. आणि साठांतले एकवीस कामगार उरले. आज निरोप मोबाइलवर क्षणात जातो. परंतु घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावयाचा तर शेजारी बसावे लागते.

पुन्हा म्यूनिकला जाऊ. ७ नोव्हेंबर १९१८. चार वर्षांच्या महायुद्धाने लोक उपाशी आणि विटलेले. दुपारी टेरेझियनवीझे या विस्तीर्ण मैदानावर प्रचंड सभा झाली. कुर्ट आयझ्नर हा पत्रकार, त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या दारूगोळा-कामगारांच्या संपासाठी तुरुंगवास भोगून आलेला. आणि लुडविग गांडॉर्फर हा आंधळा शेतकरी पुढारी. या दोघांच्या मागून जमाव एका पलटणीकडून दुसऱ्या पलटणीकडे गेला, आणि शिपाई त्यात मिसळत गेले. रात्री ही मंडळी ‘माथेझर’ नावाच्या बियर-हॉलमध्ये जमली. तेथे कामगारांचे आणि शिपायांचे मंडळ निवडले गेले. तेथून निघून ते विधिमंडळाच्या इमारतीत शिरले आणि प्रजासत्ताक जाहीर केले. राजा तिसरा लुडविग त्याच रात्री राजधानी सोडून गेला. सातशेहून अधिक वर्षांचे राजघराणे असे एका रात्रीत संपले. आयझ्नरला फार दिवस लाभले नाहीत. २१ फेब्रुवारी १९१९ रोजी भर रस्त्यात त्याचा खून झाला. होफब्रॉयहाउसमधून जाहीर झालेली कामगार-सत्ताही मे महिन्याच्या आरंभी सैन्याने रक्तात बुडवली.

त्यानंतर त्याच बाकांवर दुसरे लोक येऊन बसले. मालकाला गर्दी आणि खप हवा होता. तो नव्या पक्षाने दिला. पराभव, महागाई आणि बेकारी यांनी पोळलेली माणसे तेथे येत, पेला घेत, आणि आपल्या दुःखाला कोणीतरी शत्रू दाखवून देतो आहे हे पाहून टाळ्या वाजवीत. विरोधक आले तर तेच जड पेले डोक्यात बसत. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री इझार नदीपलीकडच्या ‘बुर्गरब्रॉयकेलर’ या हॉलमध्ये सुमारे तीन हजार लोकांपुढे सरकारी सभा चालू असताना हिटलर सशस्त्र टोळी घेऊन घुसला, त्याने छतात गोळी झाडली आणि क्रांती झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी ते बंड मोडले. पण १९३३ साली तो कायद्याच्या दाराने सत्तेवर आला.

त्या वर्षी काय झाले ते युनियनवाल्याने पाठ करून ठेवावे असे आहे. नव्या सरकारने १ मे ही पगारी सुट्टी म्हणून जाहीर केली. कामगारांची अनेक वर्षांची मागणी पुरी झाली! मध्यवर्ती कामगार संघटनेने आपल्या सभासदांना मिरवणुकीत सामील व्हावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी सकाळी, देशभरातल्या संघटना-गृहांवर हिटलरच्या टोळ्यांनी एकाच वेळी कब्जा केला. पैसा जप्त, कागदपत्रे जप्त, पुढारी तुरुंगात. वर्गणीतून बांधलेली ती घरे एका सकाळी गेली. भिंती आपल्या होत्या. पण आत बसणाऱ्यांची एकमेकांशी फाटाफूट झालेली होती. समाजवादी आणि कम्युनिस्ट इतकी वर्षे एकमेकांना मुख्य शत्रू मानीत आले, आणि कब्जा करणारा दारात आला तेव्हा एकत्र उठावयास कोणी राहिले नव्हते. किल्ली आपल्या खिशात असली म्हणून घर राखले जाते असे नाही, हा धडा जर्मन कामगार फार उशिरा शिकला.

आता शेवटची हकीकत. गेओर्ग एल्झर नावाचा एक सुतार होता, १९०३ साली जन्मलेला, अबोल, आपल्या कामात वाकबगार. तो लाकूडकामगारांच्या युनियनचा सभासद होता. ती युनियन १९३३ साली गेली. त्याला दिसत होते की मजुरी घटली, कपाती वाढल्या, काम बदलण्याचे स्वातंत्र्य गेले, आणि युद्ध येऊ घातले आहे. हिटलर दर वर्षी ८ नोव्हेंबरला १९२३ च्या बंडाच्या स्मरणार्थ बुर्गरब्रॉयकेलरमध्ये भाषण करी. एल्झरने १९३९ च्या उन्हाळाअखेर त्या हॉलमध्ये गिऱ्हाईक म्हणून जावयास सुरुवात केली. संध्याकाळी तो साधे जेवण घेई, गॅलरीकडे जाई आणि अडगळीत लपे. हॉल बंद झाला की बाहेर येऊन व्यासपीठामागच्या खांबात गुडघ्यांवर बसून पोकळी कोरी. खांबाच्या लाकडी आवरणात त्याने असे दार बसवले की सांधा दिसू नये. पडलेला चुना-विटांचा भुगा तो गोळा करून बाहेर नेई. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून पोकळीला त्याने बुचाच्या लाकडाचे अस्तर लावले. तीसहून अधिक रात्री हे काम चालले. गुडघे सुजले, पिकले.

८ नोव्हेंबरच्या रात्री ९ वाजून २० मिनिटांनी स्फोट झाला. नेमक्या वेळी झाला. कारागिराच्या कामात चूक नव्हती. पण धुक्यामुळे हिटलरला विमानाऐवजी आगगाडीने जावयाचे होते, म्हणून भाषण लवकर आटोपून तो १३ मिनिटे आधी निघून गेला होता. आठ माणसे मेली, साठांहून अधिक जखमी झाली. एल्झर त्याच संध्याकाळी स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर पकडला गेला होता. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपावयास महिना उरला असताना, डाखाउच्या छळछावणीत त्याला गोळी घालण्यात आली.

मेलेल्या आठांपैकी सात त्या पक्षाचे होते. आठवी एक वाढपी बाई होती, तात्पुरत्या कामावर आलेली. होफब्रॉयहाउसमध्ये जी मनगटे आम्ही पाहत बसलो होतो, तशीच तिची असतील. एल्झरला आम्ही वीर मानतो. आणि त्याच वेळी त्या बाईचा हिशेब कोणत्या बाजूला लिहावा हे आम्हांला सांगता येत नाही. एवढे मात्र कळते की, लाखो सभासदांची संघटना जेव्हा आपले घर गमावते, तेव्हा जे काम हजारांनी उजेडात, हात वर करून करावयाचे असते ते एखाद्या एकट्या माणसावर येऊन पडते. तो ते अंधारात करतो, आणि त्याच्या हातून निर्दोषही मरतात.

काकांनी दुसऱ्या दिवशी आम्हांला त्या दोन्ही जागा दाखवल्या. माथेझर होते तेथे आता मोठे चित्रपटगृह आहे. बुर्गरब्रॉयकेलर १९७९ साली पाडले. त्या जागी फरसबंदीत एल्झरच्या नावाची एक पाटी बसवली आहे. येणारे-जाणारे तिच्यावरून चालत होते. काका थांबले, त्यांनी टोपी काढली, आणि आम्हीही चपला काढाव्या की काय अशा विचारात क्षणभर घुटमळलो.

आदल्या रात्रीचे एक राहिलेच. दिवाणखाना पाहून आम्ही खाली आलो तेव्हा वादकांनी वाद्ये आवरली होती आणि त्या वाढपी बाई मेजे पुसत होत्या. काकांनी त्यांना नावाने हाक मारली, थोडे हसणे-बोलणे झाले. दुभाष्याने आम्हांला सांगितले की, नव्या वेतन-कराराचे काय झाले असे काका विचारीत आहेत, आणि बाई सांगत आहेत की, गुरुवारी पाळी सुटल्यावर सगळ्याजणी बसणार आहेत. कोठे बसणार, असे आम्ही विचारले. बाईंनी पुसत असलेल्या त्या मेजावरच हात ठेवला.

आपल्या गावात कामगारांना, मोलकरणींना, हमालांना संध्याकाळी दोन तास बसावयास एक खोली मिळावी, एवढेच मागणे या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आम्ही श्रोत्यांपुढे ठेवतो. चहाची व्यवस्था आम्ही करू.